विमानाची पाठ

बारा वर्षांची असताना मी एक लग्न मोडायला निघाले होते आणि हत्यार म्हणून बरोबर एक विमान घेतलं होतं. विमान दीड फुटाहून थोडं मोठं, सावरीच्या लाकडाचं, काळंकुट्ट. लग्न माझ्या काकाचं.

नातवंडांना वाटतं, आज्जी लहानपणापासून अशीच शहाणी. त्यांचा हा गैरसमज मी आजवर जपून ठेवला. आता ऐंशी उलटली, आता जपून त्याचं लोणचं घालायचंय का?

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहायचो. घरात आई, बाबा, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका. काका अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होता. सावरीचे ओंडके यंत्रावर सोलून त्यांचे कागदासारखे पापुद्रे काढायचे, ते त्याचं काम. फाटके-तुटके पापुद्रे मुकादमाला विचारून तो घरी आणायचा. आईला वाटायचं, चुलीसाठी. चुलीत त्यातले निम्मेसुद्धा जात नसत. उरलेल्यांची विमानं व्हायची.

सावरीचं लाकूड हातात घेतलं तर हाताला कळतसुद्धा नाही, इतकं हलकं. काका ते वाफेवर धरून वाकवायचा, तांदळाच्या खळीनं चिकटवायचा. मी दोरे गुंडाळायचे, फुंकर मारायची आणि सल्ले द्यायचे. सल्ले देण्यात माझा हात कुणी धरला नसता. काका अठ्ठावीस वर्षांचा, मी बारा. पण आमच्या कारखान्यात साहेब कोण, हे शेजारच्या म्हशीलाही माहीत होतं.

विमानं आम्ही बघितली होती ती आमच्या डोक्यावरून जाणारी. नेवाळीकडे लढाईच्या वेळची धावपट्टी पडून होती. तिथं कुणी उतरत नसे, पण मुंबईकडून शिकाऊ माणसांची लहान विमानं यायची, तिच्यावर दोन-तीन घिरट्या घालायची आणि बेलवलीवरून पुढे जायची. दोन मजली पंखांची, संथ, भुंग्यासारखा आवाज करणारी. आवाज आला की मी ताटावरून उठायची. आई म्हणायची, "बसा, बसा, पायलट तुम्हाला न्यायला येतोय!"

काकाला मात्र नुसतं बघून समाधान नव्हतं. त्याला माप हवं होतं. "अंदाजानं केलेलं ते खेळणं," तो म्हणायचा, "मापानं केलेलं ते विमान." पण आकाशातल्या विमानाला टेप लावणार कसा? त्यावर त्यानं जी युक्ती काढली, तिचा मला अजून अभिमान वाटतो. विमान डोक्यावरून गेलं की त्याची सावली शेतावरून जाते. सूर्य इतका लांब आहे की सावली पंखांएवढीच पडते, लहान नाही, मोठी नाही. मग सावलीच मोजायची.

पौषात भात कापून खाचरं मोकळी झाली होती. घरामागच्या शेतात काका एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. विमान आलं की त्यानं डाव्या पंखाच्या सावलीचं टोक कुठून गेलं ते बघायचं, मी उजव्याचं. सावली अंगावरून इतकी झपकन जायची की पहिल्या तीन खेपांना मी घाबरून डोळेच मिटले. काकाला सांगितलं, "दगडावरून गेली." असा दगड त्या शेतात नव्हताच. चौथ्या खेपेला मात्र डोळे उघडे ठेवले. टोक एका रुईच्या झुडपावरून गेलं. आम्ही दोरी ताणून मोजत बसलो, तेवढ्यात शेताचा मालक धावत आला.

"काय मोजताव? पुना इमानाला जमीन लागली काय?"

लढाईत धावपट्टीसाठी त्याच्या सासऱ्याची जमीन गेली होती. बिचाऱ्याला घामच फुटला होता.

काका म्हणाला, "नाही हो दादा, जमीन नाही. सावली मोजतोय."

"सावली?" त्यानं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "तिची सात-बारावर नोंद करताव काय?"

तरी दोरीचं दुसरं टोक त्यानंच धरलं. एकोणीस हात आणि वर वीतभर. घरी आल्यावर काकानं हाताला इंच धरला आणि साडेएकोणीस इंचांचे पंख कापले.

माप मिळालं. आता रूप. त्यासाठी काकाकडे एक डबा कॅमेरा होता, आणि तो चालवायची मी. का, तर मी हट्ट केला म्हणून. हा कॅमेरा छातीशी धरायचा आणि वरच्या एवढ्याशा काचेत मान खाली घालून बघायचं. त्या काचेत डावं ते उजवं दिसायचं. विमान कल्याणकडे चाललं की काचेत ते कर्जतकडे पळायचं. मी त्याच्यामागे कॅमेरा फिरवायची की ते गायबच. एका रोलात आठ फोटो. वर्षाला दोन रोल. म्हणजे वर्षातून सोळा वेळा मी आकाशाचा फोटो काढत होते.

रोल धुवायला आम्ही उल्हासनगरला जायचो. तेव्हा लोक त्याला कल्याण कॅम्पच म्हणायचे. लष्कराच्या बराकींत सिंधी निर्वासितांची घरं, आणि एका बराकीच्या कोपऱ्यात, काळं कांबळं टांगून, एका सिंधी फोटोवाल्याचं दुकान. बारीक, पांढऱ्या मिशांचा माणूस. मला बघितलं की हाक मारायचा, "आओ बेटी, आज कितने मच्छर पकडे?"

कारण फोटोत विमान तेवढंच यायचं. पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका. कधी ठिपक्याला मिशी फुटलेली असायची, ते पंख.

"हमारे कराची में," तो सांगायचा, "विमान जमीन पे खडे रहते थे. मैं बोलता, साईं, जरा सीधे. वो सीधे." मग जवळचा छोटा कॅमेरा पुसायला घ्यायचा. मोठा कॅमेरा तिकडेच राहिला होता. "तू विमान के पीछे मत भाग बेटी. वो जहाँ जानेवाला है, वहाँ जा के खडी रह. वो खुद आयेगा."

मी मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा पळायची.

विमान उभं राहिलं तेव्हा रंगाचा प्रश्न आला. काका जरा घुटमळला. "मघाशी उन्हात थोडं पिवळसर वाटलं गं मला."

मी फोटोंचा गठ्ठाच त्याच्यासमोर आपटला. "हे बघ. काळं. हे काळं. हे पण काळंच. कॅमेरा खोटं बोलतो का?"

काकानं कंदिलाच्या काचेवरची काजळी तेलात खलली. विमान काळं झालं. मग वरून छप्पर मी घालायला लावलं, रेल्वेच्या डब्यासारखं, बाजूला खिडक्या काढून. "नाहीतर पावसात भिजतील ना ते!" काका "बरं" म्हणाला. तो मला नेहमी बरं म्हणायचा. जगात मला बरं म्हणणारा तो एकटाच होता. आणि म्हणूनच, एक दिवस आई चुलीशी जे बोलली ते मला मुळीच खपलं नाही.

"लग्न झालं की सुटेल भावोजींचं हे खूळ. बायको आली की माणूस जमिनीवर येतो."

स्थळ माथेरानचं होतं. मुलीचे वडील तिथं पोस्टात होते. आई, बाबा आणि काका असे तिघं मुलगी बघायला जाणार होते. पण तिघांनी शुभकार्याला निघू नये, तीन तिगाडा काम बिघाडा. चौथं माणूस म्हणून मला घेतलं. काम बिघडू नये म्हणून जे माणूस घेतलं, तेच काम बिघडवायला निघालं होतं. आईनं काकाला बजावलं होतं, "विमानाचं नाव काढायचं नाही तिकडे. एवढा बाप्या माणूस खेळणी करतो म्हटलं तर मुलगी द्यायचे नाहीत."

मला एवढंच हवं होतं. माझ्या परकराच्या बोचक्यात मी ते काळं विमान गुंडाळलं. कॅमेऱ्यात एक फोटो शिल्लक होता, म्हणून तोही घेतला.

नेरळहून छोट्या गाडीनं वर गेलो. पोस्टाच्या मागे त्यांचं घर, लाल मातीचं अंगण. पाट मांडले, पोहे आले. मुलगी उंच होती, सावळी, आणि तिनं मान खाली घातली होती खरी, पण डोळे खाली नव्हते. बाबांनी वर्तमानपत्र वाचायला दिलं, तिनं वाचलं. आईनं विचारलं, "विणकाम येतं का?" तिची आई म्हणाली, "येतं की." काका पोह्यांतले शेंगदाणे मोजत होता. सगळं भयंकर सुरळीत चाललं होतं.

मी बोचकं सोडलं.

"आमच्या काकाला विमानं करायला येतात," मी खड्या आवाजात सांगितलं. "आठ केलीत. खोलीभर टांगलीत. रविवारी विमान करायला बसला की आंघोळसुद्धा करत नाही. आणि लग्न झालं तरी ती काढणार नाहीये."

बाबांना ठसका लागला. आईनं माझ्या मांडीला जो चिमटा काढला, त्याचा वळ होळीपर्यंत टिकला. काकाचे कान लाल झालेले मला दिसले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला लाज वाटली. पण बाण सुटला होता.

मुलीनं पदराला हात पुसले. विमान उचललं. आणि, कुणीही उचलेल तसं सरळ न धरता, आधी उलटं केलं.

"पोट सुरेख जमलंय," ती म्हणाली. "चाकांच्या मधली ही दांडीसुद्धा आहे." मग तिनं ते सुलटं केलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पण हे छप्पर कसलं?"

"पावसासाठी," मी म्हटलं.

"याला छप्पर नसतं. पाठीवर दोन भोकं असतात, एकामागे एक. त्यांत दोन माणसं बसतात, बरणीतून लिंबं वर आल्यासारखी. मागच्याचं डोकं पूर्ण दिसतं, पुढच्याचं वरच्या पंखाआड अर्धंच. पुढचा सारखा हात नाचवत असतो, तो मास्तर असणार." तिनं बोटानं काजळी घासून बघितली. "आणि काळं का केलंय? विमान तर पिवळं असतं."

काकानं मान वर केली. त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच.

"पाठ? तुम्ही पाठ कुठं बघितलीत?"

"रोजच बघते. कड्यावरून." जणू काय आम्ही विचारलं होतं, तुम्ही मांजर कुठं बघितलंत. "तिकडून, बदलापूरच्या बाजूनं येतात, आणि आमच्या पायाखालून वळून जातात."

शेवटी तिच्या वडिलांनीच घसा खाकरला. "दाखव जा त्यांना कडा. लांब जाऊ नका. ही मुलगी असू दे बरोबर."

ही मुलगी म्हणजे मी. पहारेकरी म्हणून मला पाठवलं! चोराच्या हातात किल्ल्या.

घरापासून कडा पाच मिनिटांवर. तिथून खाली बघितलं आणि मी दोन पावलं मागेच सरले. समोर मलंगगड, आणि खाली, भाकरीच्या तुकड्यांसारखी पसरलेली आमची खाचरं. त्यातल्याच एकात आम्ही दोरी धरून उभे राहिलो असणार. विमान त्या दिवशी आलं नाही. पण एक घार आली. ती आमच्या खाली, खूप खाली, गोल फिरत होती. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली. तपकिरी होती, उन्हात चमकत होती. खालून मला घार नेहमी काळीच दिसली होती.

काका घारीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मला कळलं. फोटोंचा गठ्ठा मीच आपटला होता ना.

मग तो तिला विचारायला लागला. भोकांच्या मधे अंतर किती असतं? काच असते का पुढे? शेपटीवर काही लिहिलेलं असतं का? आठवड्यात घरात बोलायचा नाही इतकं तो दहा मिनिटांत बोलला. ती बोटानं हवेत आकार काढून दाखवत होती. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी मागे सरले, मान खाली घातली, काचेत दोघांच्या पाठी आणल्या आणि खटका दाबला. आईला पुरावा म्हणून. बघ, किती जवळ उभे होते ते.

परतताना गाडीत आईनं धीर करून विचारलं, "भावोजी, मग? पसंत आहे का?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पिवळं म्हणजे हळदीसारखं की लिंबासारखं, ते विचारायचं राहिलं हो वहिनी."

"घ्या," बाबा म्हणाले. "पसंत आहे."

पुढच्या शनिवारी कॅम्पात रोल धुतला. फोटोवाल्यानं आठही फोटो फळीवर मांडले. सात मच्छर. आठव्यापाशी तो थांबला. कड्याच्या काठावर दोन माणसांच्या पाठी, एकाच्या काखेत विमान, दुसरीचा हात आकाशाकडे नाही, खाली दरीकडे.

"बेटी," तो म्हणाला, "आज पहली बार तू किसी के पीछे भागी नहीं."

आईला मी तो पुरावा दाखवला. तिनं तो देवाच्या फडताळात ठेवला.

वैशाखात लग्न झालं. मी पंक्तीत जिलब्या खाल्ल्या, फोटो काढायला साफ नकार दिला आणि काकाशी बोलणं टाकलं. विमानं मला बघवत नव्हती. रविवारी तो "येतेस का?" म्हणून विचारायचा, मी "अभ्यास आहे" म्हणायची. वैशाखात कसला अभ्यास? तो तरीही "बरं" म्हणायचा. त्या बरंचा मला फार राग यायचा.

तिसऱ्या रविवारी मागच्या पायरीवर फुगून बसले होते, तर काकू आली. एका हातात ते काळं विमान, दुसऱ्यात काचेचा तुकडा. माझ्या शेजारी बसली आणि माझं छप्पर खरवडायला लागली.

"हे तू आमचं जमू नये म्हणून आणलं होतंस ना?"

मी पायरीवरची मुंगी बोटानं वळवत राहिले.

"माझ्या मावशीला बघायला आले होते, तेव्हा मी चहात मीठ घातलं होतं."

न राहवून मी विचारलं, "मग?"

"मग काय? माणसं बिचारी मिटक्या मारत प्यायली. मावशी सहा महिन्यांनी लग्न होऊन पुण्याला." तिनं फुंकर मारून भुसा उडवला. "मला फार वाईट वाटलं होतं. सहा महिने मी तिच्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत. मूर्ख होते."

छप्पर निघालं. पाठीवर काकानं दोन गोल भोकं कोरली, काकू सांगेल तिथं. तो हळूच आमच्या मागे येऊन बसला होता, चाकू घेऊन. पाठीवरची काजळी खरवडून काकूनं लग्नातली उरलेली हळद डिंकात कालवली आणि फासली. पोट मात्र काळंच ठेवलं. मी म्हटलं, "ते पण पिवळं करा ना, चुकलंय ते." तर म्हणाली, "चुकलं कुठं? खालून तुम्हाला तसं दिसतं, ते काही खोटं नाही."

मग तिनं कनवटीची गाठ सोडली. आत दोन रिठ्याच्या बिया, काळ्या, गुळगुळीत. जणू टोप्या घातलेली वैमानिकांची डोकी. मापानं अगदी बरोबर होती.

जागा दोन, डोकी दोन. मी मनात हिशेब केला आणि उठून जायला लागले.

"कुठं चाललीस?" काकूनं माझा परकर धरला. "हे डोकं कुणाचं ते ठरव आधी."

"एक काकाचं," मी म्हटलं. "एक तुमचं."

"माझं कशाला? मला कड्यावरून बघायची सवय. मी वरून बघेन." तिनं एक बी माझ्या तळहातावर ठेवली. "मागे तुझा काका. पुढे तू. हात नाचवायला मास्तर हवा ना कुणीतरी."

मी काकाकडे बघितलं. त्यानं खळीची वाटी पुढे केली.

"बरं," मी म्हटलं.

ते विमान अजून माझ्याकडे आहे. हळद उडून गेली, पाठ आता जुन्या कागदासारखी दिसते. पोट आहे तसंच काळं. परवा नातू ते हातात घेऊन हलवत होता. म्हणाला, "आज्जी, यातलं पुढचं डोकं सैल झालंय."

मी म्हटलं, "झालं नाही रे बाळा. ते पहिल्यापासूनच सैल होतं. मागच्यानं सांभाळून घेतलं."